आगीची रंगीत तालीम

लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ जणांचा जीव गेला. सुरुवातीला साधी वाटलेली आग तिकीटघरापर्यंत एकाएकी उसळली कशी, हे कुणाला उलगडेना. चौकशीसाठी संगणकावर त्या स्थानकाचं प्रतिरूप तयार केलं, तेव्हा उत्तर आलं: ३० अंशांच्या त्या जिन्यात ज्वाळा सरळ वर न जाता आडव्या झाल्या आणि पायऱ्यांना चिकटून वर सरकल्या. जाणकारांना हे पटेना. मग छोट्या आकाराचा जिना बांधून खरोखर पेटवला. ज्वाळा तशाच आडव्या पडल्या!

हे वाचलं की मला बेळगावातली शहापूर, वडगाव, खासबाग भागातली विणकरांची घरं आठवतात. खाली माग, कोपऱ्यात सुताचे गठ्ठे, मागाखाली साचलेला धाग्यांचा बारीक कचरा आणि माडीवर जायला अरुंद, बंदिस्त लाकडी जिना. असा जिना आगीत धुराड्याचं काम करतो. खाली सूत पेटलं की माडीवर आधी धूर पोचतो, आणि आगीत माणसं भाजण्यापेक्षा धुरानं गुदमरून जास्त दगावतात.

अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेनं २००० साली खुली केलेली 'एफडीएस' ही आग संगणकावर पेटवून पाहणारी आज्ञावली मोफत मिळते. ती घराचे लाखो छोटे घन पाडते आणि क्षणाक्षणाला प्रत्येक घनातलं तापमान, हवेचा वेग, धूर यांचा हिशेब मांडते. जिन्याच्या तोंडाशी दार बसवलं तर? माडीची मागची खिडकी उघडी असेल तर? कुणाच्या केसालाही धक्का न लावता हे सगळं पाहता येतं.

बंब किती वेळात पोचेल, याचंही गणित मांडता येतं. पण तिथं जपून. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात अशाच गणिताच्या आधारे अग्निशमन केंद्रं बंद झाली आणि नंतर त्यावर सडकून टीका झाली. नुसती किलोमीटरची बेरीज दिवाळीच्या तोंडावर बेळगावच्या बाजारातल्या गणपत गल्लीत काय कामाची? तिथल्या हातगाड्या, उभ्या दुचाकी, खाली लोंबणाऱ्या तारा हे सगळं संगणकाला सांगावं लागतं, आणि ते गल्लीत राहणाऱ्यालाच ठाऊक असतं.

संगणकावरच्या अशा तालमीची सुरुवात गणेशोत्सवापासून करावी, असं मला मनापासून वाटतं. मांडवाचे खांब रोवण्याआधी मंडळानं मापं द्यावीत, अग्निशमन दलानं नकाशावर बंब वळवून पाहावा आणि अडला, तर मांडव चार हात मागे घ्यावा.