तृप्तीचा निरोप मेंदूच्या उंबरठ्यावर

१९४९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मले. ते सतत खात आणि वजनात भावंडांच्या तिप्पट होत. पुढे तिथेच मधुमेह असलेल्या लठ्ठ उंदरांचा दुसरा वाण मिळाला. दिसायला दोन्ही सारखेच.

त्यांच्यातला फरक तिथलेच शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी दाखवला. दोन उंदरांची कातडी शेजारी शेजारी शिवून त्यांनी एकाचं रक्त दुसऱ्यात जाऊ दिलं. मधुमेही वाणाशी जोडलेल्या पहिल्या वाणाच्या उंदराने खाणंच सोडलं आणि तो उपासमारीने मेला. म्हणजे तृप्तीचा निरोप रक्तातून येत होता. एका वाणाला तो तयारच करता येत नव्हता. दुसरा तो भरपूर तयार करत होता, पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नव्हता. हा निरोप नेणारं संप्रेरक (हॉर्मोन) कोणाच्याही हाती लागलेलं नसताना केलेला हा तर्क मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो.

संप्रेरकाचं जनुक सापडायला १९९४ उजाडलं. रॉकफेलर विद्यापीठातले जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या या प्रथिनाला ‘बारीक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव मिळालं. लठ्ठपणावर औषध मिळालं, असंच तेव्हा अनेकांना वाटलं.

पण १९९६ मध्ये रक्त आणि मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव यांतलं लेप्टिन मोजून पाहिलं, तेव्हा वेगळंच दिसलं. लठ्ठ माणसांच्या रक्तात ते सडपातळ माणसांच्या चौपट होतं, मेंदूभोवतीच्या द्रवात मात्र जेमतेम ३० टक्के जास्त. ज्यांना आपण सहज ‘खादाड’ म्हणतो, त्यांच्या शरीरात निरोपाची कमतरता नव्हतीच. तो मेंदूत पुरेसा पोचत नसावा, ही शंका इथून बळावली.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्त आणि मेंदूमधला हा अडसर लेप्टिनसारख्या मोठ्या रेणूला सहजी ओलांडता येत नाही. विल्यम बँक्स यांच्या गटाने १९९६ मध्येच दाखवलं, की त्याला आत नेणारी खास वाहतूक असते आणि तिला मर्यादा असते. रक्तातलं लेप्टिन कितीही वाढलं तरी त्या मर्यादेपलीकडे ते आत जात नाही.

भुकेवर ताबा ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाच्या तळाशी मात्र केशवाहिन्या सच्छिद्र आहेत. तिथल्या टॅनिसाइट नावाच्या लांबट पेशी लेप्टिन उचलून मेंदूतल्या द्रवात सोडतात, असं २०१४ मध्ये फ्रान्समधल्या लील इथल्या गटाने मांडलं. दुसऱ्या काही प्रयोगशाळांना या पेशींवर लेप्टिनचा ग्राहीच, म्हणजे लेप्टिन ओळखून पकडणारं प्रथिनच, आढळला नाही. तो वाद मिटलेला नाही.

वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या आजच्या औषधानेही या जागांकडे पुन्हा लक्ष वेधलं. आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल असलेलं हे औषध उंदरांच्या मेंदूत कुठे जातं, ते २०२० मध्ये पाहिलं गेलं. अडसर ओलांडून ते सगळीकडे पसरत नाही. जिथे अडसर विरळ आहे, अशा मोजक्या जागी शिरतं.