शहीद द्वीप : किनारा व सागरी जीवसृष्टी

अंदमानच्या रिची द्वीपसमूहातील एक लहान, बऱ्यापैकी सपाट बेट. क्षेत्रफळ सुमारे १४ चौ. किमी. पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्रीविजयपुरम) बोटीने दीड-दोन तासांत पोहोचता येते. जुने नाव नील बेट. सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला ७५ वर्षे झाली तेव्हा, २०१८ मध्ये, बेटाला सध्याचे नाव मिळाले. वस्ती मुख्यतः पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची. भात आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या लोकांच्या गावांची व किनाऱ्यांची नावे रामायणातली आहेत : भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर.

सूर्योदयासाठी सीतापूर आणि सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर प्रसिद्ध आहे, पण बेटाचे खरे वैभव ओहोटीला उघडे पडते. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळजन्य चुनखडीची नैसर्गिक कमान आहे. लाटांनी खडकाचा मऊ भाग पोखरून नेला आणि माथा तेवढा उरला. त्यावर आता झाडे वाढली आहेत. भरतीत इथवर चालत जाता येत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून निघण्यापूर्वी ती गावात विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर हटते.

कमानीभोवतीच्या खडकांत पाणी साचून डबकी तयार होतात. काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ सागरी प्राणी), तारामासे, खेकडे आणि लांब काट्यांचे समुद्री साळू त्यांत सहज दिसतात. फटीत एखादा अष्टपाद (ऑक्टोपस) दडलेला असतो. महाशिंपला मात्र थांबून पाहावा. तो खडकातच रुतलेला असतो, आणि नागमोडी कडांमधून निळे, हिरवे, जांभळे मांसल ओठ बाहेर आलेले असतात. त्यांत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्यातला वाटा शिंपल्याला मिळतो. आपली सावली पडली की तो ओठ आत ओढून घेतो.

प्रवाळांचे जगणेही अशाच भागीदारीवर चालते. पाणी फार तापले की ही शैवाले प्रवाळांतून बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. ही स्थिती लांबली तर प्रवाळ मरतात. २०१० मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले. प्रवाळ गेले तर किनाराही धोक्यात येतो, कारण लाटांचा जोर प्रवाळभित्ती अडवते, आणि इथल्या पांढऱ्या वाळूचा मोठा भाग प्रवाळ-शिंपल्यांच्या चुऱ्याचाच आहे. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शैवाल खरवडतात, सोबत पोटात गेलेला चुना दळतात आणि वाळू म्हणून बाहेर टाकतात. भरतपूरच्या उथळ पाण्यात काचेच्या तळाच्या बोटीतून हे मासे पाहता येतात. समुद्रफुलांच्या (फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्यांच्या) शुंडकांत, म्हणजे सोंडेसारख्या लवचीक अवयवांत, वावरणारे विदूषक मासेही तिथे आहेत.

ओहोटीत डबक्यांमधून फिरताना पाय नेहमी मोकळ्या वाळूवर किंवा उघड्या खडकावर टाकावा, जिवंत प्रवाळावर कधीही नाही : अनेक जातींचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर वाढतात. प्रवाळ व समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्या उचलणे गुन्हा ठरतो.

बेटाजवळच्या समुद्रगवताच्या कुरणांत ड्युगाँग (समुद्रगाय, एक सागरी सस्तन प्राणी) चरतात. अंदमान-निकोबारचा हा राज्यप्राणी लाजाळू आहे, संख्येने फार थोडा उरला आहे, आणि श्वासासाठी त्याला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते. म्हणून वेगाने जाणाऱ्या बोटींची धडक आणि मासेमारीची जाळी हे त्याला असलेले मोठे धोके आहेत.