उणे 40 अंशांत गाडी सुरू राहावी म्हणून : आमच्या ग्राहकांसाठी हिवाळी माहितीपत्रक

पुण्याहून, नागपूरहून किंवा टोरंटोहून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात नव्याने राहायला आलेल्या आमच्या मराठी ग्राहकांच्या शंका पहिल्या हिवाळ्यात बहुधा सारख्याच असतात. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र लिहून देत आहोत. हे पत्रक एडमंटनमध्ये आणि त्याच्या उत्तरेला, म्हणजे फोर्ट मॅकमरे, पीस रिव्हर किंवा थेट यलोनाइफपर्यंत, गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. टोरंटोच्या हिवाळ्याचा अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडतो. येथे जानेवारीत तापमान उणे 30 च्या खाली गेल्याचे कोणाला नवल वाटत नाही, आणि अधूनमधून ते उणे 40 गाठते. त्या आकड्याला सेल्सिअस की फॅरनहाइट हे विचारावे लागत नाही, कारण तेथे दोन्ही मापे एकच होतात. आणि ‘पारा उतरला’ असेही म्हणता येत नाही, कारण खरा पारा त्याआधीच, उणे 39 च्या सुमारास, गोठलेला असतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. हवामानाच्या अंदाजात ‘तापमान उणे 28, वाऱ्यामुळे उणे 41 जाणवेल’ असे सांगतात. यातला दुसरा आकडा माणसाच्या उघड्या कातडीसाठी आहे. वाऱ्यामुळे गाडी लवकर थंड होते हे खरे, पण कितीही वारा सुटला तरी ती हवेच्या तापमानाखाली जात नाही. गाडीची तयारी करताना पहिलाच आकडा पाहावा.

ऑइल आणि बॅटरी

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरी पाहिले आहे. इंजिन ऑइल तसे दगड होत नाही, पण कडक थंडीत काकवीसारखे दाट होते, आणि ते दाट ऑइल ढवळत इंजिन फिरवायचे काम स्टार्टरवर पडते. ऑइलच्या डब्यावर ‘5डब्ल्यू-30’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. थंड इंजिन फिरवता येण्याची प्रमाणित चाचणी 10डब्ल्यू ऑइलसाठी उणे 25 ला, 5डब्ल्यूसाठी उणे 30 ला आणि 0डब्ल्यूसाठी उणे 35 ला घेतात. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत मुभा असेल तर हिवाळ्यात 0डब्ल्यू दर्जाचे सिंथेटिक ऑइल घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या पत्रकातल्या एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर ते यावर करावेत.

इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो नेमक्या त्याच वेळी बॅटरीतला जोर घटलेला असतो. उणे 18 अंशांना नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उन्हाळ्याच्या मानाने निम्म्याहूनही कमी उरते. बॅटरीवर लिहिलेला कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याच्या ताकदीचा, आकडा याच उणे 18 अंशांना मोजलेला असतो. म्हणून नवी बॅटरी घेताना हा आकडा पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी नसावा. पूर्ण भरलेली बॅटरी येथल्या कोणत्याही थंडीत गोठत नाही, परंतु उतरलेली बॅटरी उणे 10 च्याही आधी गोठू शकते. बॅटरीचे अंग फुगलेले दिसले तर तिला जम्प देण्याचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून सुरू करण्याचा, प्रयत्न कृपया करू नये, ती फुटण्याचा धोका असतो. आणि चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू करण्याचा आपला घरचा उपाय येथल्या ऑटोमॅटिक गाड्यांना लागू पडत नाही, हेही नम्रपणे नमूद करतो.

ब्लॉक हीटर

शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर पाहून ‘ही विजेवर चालते का?’ असे विचारणारे ग्राहक दरवर्षी भेटतात. ती ब्लॉक हीटरची वायर असते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव) खेळते त्या जागी, बहुधा 400 ते 1000 वॉटचा एक लहानसा हीटर बसवलेला असतो. तो कूलंट आणि त्याच्याभोवतीचे लोखंड कोमट ठेवतो, त्यामुळे ऑइल लवकर पातळ होते, इंजिन सहज फिरते आणि आतल्या भागांची झीज कमी होते. उणे 15 पासून हीटर लावावा आणि उणे 20 च्या खाली तो लावायचा राहू देऊ नये, असा आमचा सल्ला आहे.

मात्र तो रात्रभर लावून ठेवण्याची गरज नाही. तीन-चार तासांत इंजिन जितके तापायचे तितके तापते. पुढची वीज हवा तापवण्यात जाते. सकाळी 7 ला निघायचे असेल तर टायमर पहाटे 3 वाजता लावावा. 13 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी अल्बर्टातल्या मोबाइलवर विजेचा वापर ताबडतोब कमी करण्याचा आणीबाणीचा संदेश आला होता, तो अनेकांच्या लक्षात असेल. अशा रात्री टायमरचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेली जाड एक्स्टेन्शन वायरच घ्यावी, कारण साधी वायर थंडीत कडक होऊन तडकते. अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या खांबांवरची वीज काही ठिकाणी आलटून पालटून चालू-बंद होते. तो बिघाड नसतो. वायर न काढताच गाडी हाकण्याची चूक येथे प्रत्येकाच्या हातून एकदा होते, आमच्याही झाली आहे. म्हणून वायरचे टोक चालकाच्या बाजूच्या आरशाला गुंडाळून ठेवण्याची सवय लावावी.

सायबेरियातील याकुत्स्कमध्ये, जेथे थंडी येथल्यापेक्षाही कडक असते, बाहेर उभ्या केलेल्या गाड्यांची इंजिने तासन्‌तास चालूच ठेवतात, त्यांवर जाड गोधड्या घालतात आणि खिडक्यांना काचेचा दुसरा थर चिकटवतात. आपल्याला प्लगची सोय आहे. तिचा उपयोग करावा.

कूलंट आणि इंधन

‘पाणी न घालता निव्वळ कूलंट भरा’ अशी मागणी काही ग्राहक करतात. ती आम्ही मान्य करत नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, उणे 13 च्या आसपासच गोठते. त्यात निम्मे पाणी मिसळले की तेच मिश्रण उणे 37 पर्यंत टिकते, आणि 60 टक्के ग्लायकॉल असेल तर सुमारे उणे 50 पर्यंत. येथे आम्ही 60-40 हे प्रमाण ठेवतो. काच धुण्याचे पाणीही उणे 40 साठी बनवलेलेच भरावे.

डिझेल गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. डिझेलमधल्या मेणाचे थंडीत कण होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. येथल्या पंपांवर हिवाळ्यात हिवाळी डिझेल मिळते, परंतु दक्षिणेकडून भरून आणलेल्या टाकीचा भरवसा धरू नये. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा जुना ‘उपाय’ आजच्या इंजिनांना घातक आहे. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. त्यामुळे आत दव कमी साचते, आणि रस्त्यात अडकल्यास गाडीच्या आतला हीटर चालवायला इंधन उरते.

गाडी सुरू झाल्यावर

जागेवर अर्धा तास इंजिन चालवून गाडी ‘तापवणे’ हा येथल्या लोकांचाही आवडता समज आहे. ब्लॉक हीटर लावलेला असेल तर दोन-चार मिनिटे पुरतात. त्यानंतर पहिले काही किलोमीटर हळू चालवल्याने इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, बेअरिंगे आणि टायरही तापतात. रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात आणि सुरुवातीला गाडी चौकोनी चाकांवर चालल्यासारखी धडधडते. ती धडधड थोड्या वेळाने थांबते. तापमान सुमारे 5 अंश उतरले की टायरमधली हवा 1 पीएसआयने कमी होते, म्हणून ती दर पंधरवड्याला तपासावी. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असावे.

रोज फक्त दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या गाड्यांकडे आमचे विशेष लक्ष असते. इंजिन पुरते तापले नाही तर आतली वाफ बाहेर पडत नाही. ती ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीत गोठते आणि साचलेला दाब सील फोडून ऑइल बाहेर काढतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास हमरस्त्यावर गाडी चालवल्यास ही महागडी दुरुस्ती टळते.

गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये, दार उघडे असले तरीही. आणि बर्फात अडकल्यास प्रथम सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ काढावा. फोर्ट मॅकमरेच्या 63 क्रमांकाच्या रस्त्यावर पंपांमधले अंतर मोठे असते, तेव्हा ब्लँकेट, फावडे, मेणबत्ती आणि सर्वांचे जाड बूट गाडीत असू द्यावेत. बूट डिकीत नव्हे, हाताशी ठेवावेत.

बॅटरीची चाचणी, कूलंटची तपासणी आणि ब्लॉक हीटरची जोडणी ही तिन्ही कामे आम्ही एकाच भेटीत, सुमारे तासाभरात करतो. ती ऑक्टोबरमध्ये करून घ्यावीत. पहिली उणे 30 ची सकाळ उजाडल्यावर आमच्या दारातली रांग आठवडाभर हटत नाही.