एका सिलिंडरवर अनेक प्लांटेड टँक: जोडणीपूर्वी वाचा

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक; त्यातल्या झाडांना सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड गॅस देतात. दुसरा टँक घेतला की ग्राहक आमच्याकडे बहुधा टी-जोड मागतात. एका नळीच्या दोन केल्या की गॅस निम्मा-निम्मा वाटला जाईल, असा त्यामागचा हिशेब. तसे होत नाही. गॅस कमी अडथळ्याच्या वाटेने पळतो. दोन्ही सिरॅमिक डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणाऱ्या सच्छिद्र चकत्या) एकाच बनावटीचे असले, तरी एकाची छिद्रे शेवाळाने थोडी बुजलेली असतात. मग एका टँकमधले मासे धापा टाकतात आणि दुसऱ्यातली झाडे उपाशी राहतात.

म्हणून फाटे फोडायचे ते रेग्युलेटरपाशी (सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या भागापाशी), मॅनिफोल्ड, म्हणजे अनेक फाट्यांचा जोड, लावून. आणि प्रत्येक फाट्याला स्वतःचा निडल व्हॉल्व्ह (प्रवाह बारकाईने कमी-जास्त करणारी झडप) हवाच. इथे काटकसर करू नका. सिरॅमिक डिफ्यूझरला बारीक बुडबुडे काढायला साधारण 1 ते 2 बार दाब लागतो. सामाईक दाब सर्वांत हट्टी डिफ्यूझरच्या गरजेपेक्षा थोडा वर ठेवायचा आणि कुणाला किती गॅस द्यायचा ते निडल व्हॉल्व्हवर ठरवायचे. एक टँक वरच्या फळीवर आणि दुसरा खाली असला तर चालेल का, असे अनेक जण विचारतात. खुशाल ठेवा. 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब जेमतेम 0.01 बार भरतो. आज टँक दोन असले तरी चार फाट्यांचा मॅनिफोल्ड घ्या, जादाचे फाटे बंद ठेवता येतात. (हा छंद दोन टँकवर थांबलेला आम्ही फारसा पाहिलेला नाही.)

चेक व्हॉल्व्हही (एकाच दिशेने वाट देणारी झडप) प्रत्येक नळीला वेगळा. रात्री गॅस बंद झाला की नळीत उरलेला गॅस पाण्यात विरघळतो आणि पाणी मागे चढते. सगळ्यांत मिळून एकच चेक व्हॉल्व्ह असेल, तर हे पाणी मॅनिफोल्डमधून दुसऱ्या टँकमध्ये जाऊ शकते, सोबत तिथला आजारही. नळी कार्बन डायऑक्साइडसाठीचीच वापरा; साध्या सिलिकॉन नळीतून गॅस झिरपतो.

सोलेनॉइड (गॅस विजेवर चालू-बंद करणारी झडप) एक पुरतो, पण सगळ्या टँकचे दिवे एकाच वेळी लागत असतील तरच. गॅस दिव्यांच्या तास-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी थांबावा.

गॅसचे प्रमाण एका वेळी एकाच टँकचे लावा. एक व्हॉल्व्ह फिरवला की बाकीच्यांचा प्रवाहही किंचित हलतो, म्हणून शेवटी सगळे पुन्हा तपासा. दोन टँकचे बुडबुडे मोजून तुलना करू नका. प्रत्येक बबल काउंटरचा (बुडबुडे मोजायच्या नळकांड्याचा) बुडबुडा लहान-मोठा असतो. भरवसा ड्रॉप चेकरवर, म्हणजे टँकमध्ये लावायच्या, रंग बदलणाऱ्या द्रावणाच्या कुपीवर. 4 डीकेएचच्या (डीकेएच हे पाण्याच्या कार्बोनेट कठीणतेचे एकक) द्रावणात हिरवा रंग म्हणजे लिटरला सुमारे 30 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेवढा धीर धरा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर मात्र रंगाची वाट न पाहता गॅस बंद करून पाणी खळबळवा.

सिलिंडर उभा आणि बांधलेला असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, त्यामुळे बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेत सिलिंडर ठेवू नका. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा, कारण फाटे वाढले की गळतीच्या जागाही वाढतात. मोठ्या दाबाच्या घड्याळाचा (सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा सिलिंडरमध्ये द्रव असेपर्यंत 20 अंश सेल्सिअसला 57 बारच्या आसपास स्थिर असतो, त्यावरून शिल्लक कळत नाही. द्रव संपला की काटा झपाट्याने उतरतो आणि त्या वेळी काही रेग्युलेटरांचा बाहेरचा दाब चढतो, तोही सगळ्या टँकवर एकदम. काटा उतरू लागला की लगेच सिलिंडर बदला. त्याआधीच अंदाज हवा असेल, तर सिलिंडरचे वजन करा आणि त्यावर कोरलेले रिकामे वजन वजा करा.