हूक बसवला म्हणून गाडी दोन टन ओढत नाही

‘मागे दोन टनांचा हूक लावलाय, आता होडी बिनधास्त ओढा,’ हा सल्ला गोव्यात वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे. हुकावरचा आकडा फक्त हुकाची ताकद सांगतो. गाडी, हूक आणि बॉल (हुकावरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकवतात) यांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच खरी.

गाडीच्या कंपनीकडून मिळणाऱ्या टोइंग पॅकेजमध्ये, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीच्या संचात, हुकासोबत ट्रेलरच्या दिव्यांचं वायरिंग असतं. अनेकदा गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर, मोठा रेडिएटर, ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलरही असतो. चोर्ला घाट चढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापतं, तिथे तो कूलर कामाला येतो. उतरताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. बाहेरून लावलेल्या नुसत्या हुकाने यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून आधी होडी, इंजिन, इंधन आणि ट्रेलर यांचं एकत्र वजन काट्यावर करून घ्या. ते १००० किलो भरलं, तर साधारण १०० ते १५० किलो हुकावर दाबतात, आणि तेवढं वजन माणसं-सामानासोबत गाडीच्या भारक्षमतेत धरावं लागतं. मग मॅन्युअल उघडा. त्यात ओढण्याची क्षमता दिलेलीच नसेल, तर कृपा करून त्या गाडीला होडी जोडू नका.