स्मृतिभ्रंश रोखला, हे गुणांवरून कसं ठरवायचं?

आज तारीख कोणती? शंभरातून सात वजा करत जा. मघाचे तीन शब्द परत सांगा. एकमेकांत अडकलेले हे दोन पंचकोन बघून तसेच काढा. १९७५ सालची ही ३० गुणांची चाचणी जगभर पसरली. ती बनली होती आजारी माणसासाठी. धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी २८-२९ गुण मिळवतो, मग दोन वर्षं नेमाने व्यायाम करून त्याचं काही भलं झालं तरी ते तिथे दिसणार कुठे? २००५ साली आलेली, घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावणारी चाचणी जास्त कठीण आहे, पण तीही मुळात चाळणीच, म्हणजे कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं एवढंच सांगणारी.

खरा वाद मात्र चाचण्यांचा नाही, एका अटीचा आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकी औषध नियामकाने ठरवलं की अल्झायमरच्या औषधाला दोन कसोट्यांवर उतरावं लागेल. एक, चाचणीतले गुण. दुसरी, रोजचं कामकाज किंवा डॉक्टरने पाहिलेली एकूण अवस्था. नुसते दोन-तीन गुण सुधारले आणि घरच्यांना काहीच फरक जाणवला नाही, तर त्या सुधारणेचा उपयोग काय, हा त्यामागचा साधा प्रश्न. १९९३ साली पहिलं औषध मंजूर झालं ते याच चौकटीत.

पुढे संशोधन लक्षणांच्या आधीच्या टप्प्याकडे सरकलं आणि अट अडचणीची झाली. ज्याचं कामकाज बिघडलेलंच नाही, त्याच्या कामकाजात सुधारणा दाखवणार कशी? मुद्दा बिनतोड आहे. म्हणून नियामकाच्या २०१३ आणि २०१८ च्या मसुद्यांत अट सैल झाली. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात बारीक चाचण्यांचे गुण, आणि लक्षणंच नसतील तर शरीरातल्या खुणासुद्धा, पुरावा म्हणून विचारात घेण्याची वाट उघडली. मला हे घाईचं वाटतं. दुसरी कसोटी मोजता येत नव्हती म्हणून तिच्यामागचा प्रश्न संपत नाही. २०२२ साली सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांवरच्या एका औषधाने दीड वर्षात १८ गुणांच्या मापावर ०.४५ गुणाचा फरक दाखवला. त्या मापात कामकाजही धरलेलं असतं, तरीही एवढा फरक घरात जाणवतो का, यावर तज्ज्ञांचं आजही जमत नाही.

औषधाविना प्रतिबंधाची गोष्ट निराळी नाही. आहार, व्यायाम, मेंदूला सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर देखरेख, असा फिनलंडमधला प्रयोग २०१५ साली गाजला. त्यात ६० ते ७७ वयाचे १,२६० जण होते आणि निकाल १४ चाचण्यांच्या एकत्रित गुणांवर काढला गेला. दोन वर्षांनी दोन्ही गट वर गेले होते, प्रयोगातला गट २५ टक्के जास्त. हे २५ टक्के म्हणजे गुणांतल्या वाढीतला फरक, स्मृतिभ्रंशाच्या धोक्यातली घट नव्हे. हे ठासून सांगायला हवं, कारण दोन्हींची गल्लत फार सहज होते.

काहीच विशेष न केलेला गटही वर का गेला? एक मोठं कारण सवय. यादी, आकडे, बसायची पद्धत, सगळं ओळखीचं झालं की दुसऱ्या खेपेला माणूस आपोआप बरा दिसतो. अमेरिकेतल्या २,१११ जणांच्या प्रयोगाचा निकाल २०२५ साली आला, त्यातही दोन्ही गट सुधारले. दोघांनाही जीवनशैली बदलायला सांगितलं होतं, एकाला जास्त शिस्तीने. काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे त्या चढत्या रेषेत सवयीचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. दोन गटांतला फरक तेवढा हाती राहतो, तो वर्षाला मानक विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, याच्या मापाच्या) ०.०२९ इतका.