लोककेंद्री पुरवठा साखळी (खानदेशच्या संदर्भात)

लोककेंद्री पुरवठा साखळी : माल पिकवणारा, काढणारा, वाहणारा, साठवणारा, त्यावर प्रक्रिया करणारा, विकणारा आणि वापरणारा यांना एकमेकांशी बांधणाऱ्या व्यवस्थेला पुरवठा साखळी म्हणतात. माल पुढे सरकतो, पैसा मागे येतो, माहिती दोन्हीकडे फिरते. मालाचा प्रवास डोळ्यांना दिसतो म्हणून आखणी बहुधा त्याचीच होते : गोदाम कुठे, गाडी कोणती, साठा किती. साखळी चालवणाऱ्या माणसांना काय कळते, कोणता निर्णय त्यांच्या हातात असतो, पैसे कधी मिळतात आणि नुकसान झाले तर ते कोणाच्या अंगावर पडते, हे प्रश्न आखणीच्या सुरुवातीलाच घेतले तर साखळी लोककेंद्री होते. भाव, हवामान, मागणी किंवा रस्ता बदलला की न मोडता चाल बदलण्याची तिची ताकदही याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात ते जवळून तपासता येते, कारण इथला बराचसा व्यापार नाशवंत किंवा हंगामी मालाचा आहे.

संकल्पनेची वाटचाल : ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग व्यवस्थापन सल्लागार कीथ ऑलिव्हर यांच्यामुळे १९८२ पासून प्रचारात आला. त्याच्या बऱ्याच आधी अमेरिकेतील संशोधक जे फॉरेस्टर यांनी दाखवून दिले होते, की दुकानातल्या विक्रीतला लहानसा चढउतार घाऊक व्यापारी, वितरक, कारखानदार असा मागे जाताना फुगत जातो. प्रत्येक जण फक्त आपल्या पुढच्याची मागणी पाहतो आणि माल कमी पडू नये म्हणून थोडी जास्त नोंदवतो. याला पुढे ‘चाबूक परिणाम’ हे नाव मिळाले. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील हाऊ ली यांनी मांडले, की स्वस्त आणि वेगवान असणे साखळीला पुरत नाही. तिला अचानक आलेल्या धक्क्याला लगेच उत्तर देता आले पाहिजे, बाजाराची घडण बदलली तर आपली रचना बदलता आली पाहिजे आणि साखळीतल्या सगळ्यांचे हित एका दिशेला असले पाहिजे. यातली तिसरी अट सर्वांत कमी पाळली जाते आणि पहिल्या दोन्ही तिच्यावर उभ्या असतात.

याचा गाजलेला दाखला जपानमधला आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथील आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधली एक छोटी झडप जवळजवळ सगळी तिथेच बनत होती आणि टोयोटाकडे तिचा साठा फार थोडा होता. मोटारींचे उत्पादन बंद पडले. मग साठाहून अधिक कारखान्यांनी, त्यांत शिवणयंत्रे बनवणारा एक कारखानाही होता, मिळेल त्या यंत्रांवर झडपा बनवायला घेतल्या. किंमत आधी ठरली नव्हती, करार झाले नव्हते. आठवडाभराच्या आसपास गाड्यांचे उत्पादन पुन्हा मार्गी लागले. एकाच पुरवठादारावर विसंबण्याची चूक आखणीत होती. ती निभावली वर्षानुवर्षे टिकवलेल्या व्यवहाराने आणि वरच्या आदेशाची वाट न पाहता कामाला लागलेल्या तंत्रज्ञांनी.

केळी : रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि जळगाव या तालुक्यांतला तापीकाठ हा देशातल्या मोठ्या केळीपट्ट्यांपैकी एक आहे. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लागवडीचे मुख्य हंगाम दोन : जून-जुलैमधली मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासचा कांदेबाग. पहिल्या कापणीनंतर बुंध्याशी राखलेल्या पिलांपासून घेतात ती पिलबाग. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपे आणि ठिबक सिंचन यांमुळे पीक पूर्वीपेक्षा कमी महिन्यांत कापणीला येऊ लागले. जळगावच्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी उभारलेल्या उद्योगाचा या बदलात मोठा वाटा आहे.

कापणीच्या दिवशी या साखळीचा स्वभाव कळतो. टोळीतला एक जण खोडाला अर्धवट घाव घालतो, झाड हळूहळू वाकते आणि घड जमिनीला लागण्याआधी दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. खांद्यावर गादीसारखी जाड घडी असते, तरी चिकाने कपडे कायमचे काळे पडतात. घड बांधापर्यंत आणताना आपटला तर त्या दिवशी काही दिसत नाही. डाग दिसतो तो तीन-चार दिवसांनी, दिल्लीच्या पिकवणी खोलीत. म्हणजे ज्या क्षणी मालाची प्रत ठरते तो क्षण साखळीतल्या सर्वांत कमी मजुरीच्या माणसाच्या खांद्यावर असतो आणि त्या प्रतीची किंमत त्याच्यापर्यंत कधीच परत येत नाही. त्याला मजुरी वजनावर किंवा गाडीवर मिळते, घाई त्याच्या फायद्याची असते. मजुरीत डाग न पडलेल्या मालाचा वाटा धरला, तर तीच टोळी वेगळ्या हाताने काम करील.

भाव ठरण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. बऱ्हाणपूरच्या लिलावातला भाव आणि रावेर बाजार समितीचा जाहीर भाव यांकडे सगळ्या पट्ट्याचे कान असतात. नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग, कांदेबाग आणि कमी प्रतीची वापसी असे मालाचे वेगवेगळे भाव सांगितले जातात. प्रत्यक्ष सौदा मात्र बहुतेकदा बांधावर होतो आणि जाहीर भावापेक्षा कमीने खरेदी होते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. तयार घड झाडावर फार दिवस थांबत नाही, उन्हाळ्यात तर बागेतच पिकायला लागतो. व्यापाऱ्याला एक दिवस थांबणे परवडते, शेतकऱ्याला परवडत नाही. त्यात वजनातली कटती (कपात) आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात पडायला होणारा उशीर यांची भर पडली, की पुढच्या वर्षी तो माल कोणाला द्यायचा याचा निर्णय भावापेक्षा विश्वासावर घेतो. काट्यावरच लेखी पट्टी देणारा आणि ठरल्या दिवशी पैसे देणारा खरेदीदार टंचाईच्या आठवड्यातही माल मिळवतो.

चाबूक परिणाम इथे वेगळ्या रूपात भेटतो. एखाद्या वर्षी श्रावण, नवरात्र, छठपूजा किंवा रमजानमध्ये भाव चढला, की पुढच्या मृगात लागवड वाढते. वर्षभराने सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो, नेमका आंब्याचा मोसम किंवा उत्तरेतली कडाक्याची थंडी गाठते आणि भाव कोसळतो. ऊतिसंवर्धित रोपे आधी नोंदवावी लागत असल्याने कोणत्या गावात किती लागवड होणार याचा अंदाज रोपवाटिकांना कित्येक महिने आधी असतो. ती माहिती शेतकऱ्यांपर्यंत एकत्रित पोचवणे हा या साखळीतला बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे.

वाहतुकीत लवचिकपणा जुना आहे. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या सावदा, निंभोरा आणि रावेर स्थानकांतून केळीचे डबे दशकानुदशके दिल्लीकडे जात आले. पुढे ट्रकने बांधावरून थेट माल उचलण्याची सोय झाली. सुक्या पाल्याचे थर देऊन घड रचले जात. रेल्वे स्वस्त आणि मोठी, पण डबे मिळण्याची वाट पाहावी लागते; ट्रक महाग, पण बांधावर येतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल्वे जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर मार्गे सुरू झाली आणि पुढे फळे-भाजीपाल्याला भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. दोन्ही वाटा चालू ठेवायला खर्च येतो, आणि एक वाट बंद पडते त्या आठवड्यात तो वसूल होतो.

निर्यातीचा माल निराळ्या शिस्तीने जातो. झाडावरच घडाला आवरण घालतात, कापल्यावर फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात धुतात, तेरा किलोच्या आसपासच्या खोक्यांत भरतात आणि १३ ते १४ अंश सेल्सिअसला थंड करून बंदराकडे पाठवतात. याहून थंड झाले तर साल काळवंडते, उष्ण राहिले तर वाटेत पिकते. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांकडून घेतलेली २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. माल धुऊन खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये फणी हातात घेऊन ती पेटीत जाईल की बाजूला पडेल हे ठरवतात त्या बहुतेक गावातल्या बाया असतात. कागदोपत्री त्या ‘अकुशल’ असतात. आखाती बाजारातले खानदेशचे नाव मात्र त्यांच्या नजरेवर अवलंबून असते.

कापूस : खानदेशात कापूस खेडा खरेदीतून किंवा बाजारातून जिनिंगला जातो, तिथे रुई आणि सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात तो पुन्हा येईल या आशेने अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि जिनिंगला माल अपुरा पडला. साठवण्याची ताकद शेतकऱ्याकडे आली की साखळीतले पारडे कसे फिरते, हे त्यातून दिसले. घरातला कापूस शेवटी पडत्या भावाने विकावा लागला तेव्हा जोखीम पुन्हा त्याच्याच दारात होती. वेचणीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. वेचणी किलोवर असते. दवाने ओला कापूस जड भरतो, पालापाचोळा मिसळला तरी वजन वाढते. कारखान्याला हवा असतो कोरडा आणि स्वच्छ कापूस. मजुरीची रीत एक सांगते आणि कारखाना दुसरे मागतो. हा दोष वेचणाऱ्या बाईचा नाही, मजुरी ठरवणाऱ्या आखणीचा आहे.

मिरची आणि कुक्कुटपालन : नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. ओली लाल मिरची विकत घेऊन व्यापारी ती उघड्या मैदानातल्या पथारीवर वाळवतात. देठ खुडण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, काळी पडते. आभाळ भरले की खरेदी थांबते आणि तोडलेली मिरची शेतकऱ्याकडे अडकते, खुडणीवाल्यांचा रोज बुडतो. इतक्या मोठ्या व्यापाराचा एक टप्पा उघड्या आभाळाखाली आहे. छप्पर, वाळवणयंत्रे आणि सामाईक शेड यांचा खर्च एकट्याने पेलण्यापेक्षा एकत्र उचलणे शहाणपणाचे ठरते.

कुक्कुटपालनातला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा अनुभव याहून कठोर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक इथेच निश्चित झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रोग न पोचलेल्या भागांतही चिकन-अंड्यांची मागणी कोसळली. २०२१ मध्ये नवापुरात रोग पुन्हा आला. कुक्कुटगृहे एकमेकांना लागून असणे धंद्याच्या दृष्टीने सोयीचे असते : खाद्य, पिले, औषध, गाडी सगळे एका फेरीत. रोगालाही तेवढेच सोयीचे असते. कुक्कुटगृहांतले अंतर, गाड्यांचे निर्जंतुकीकरण आणि मरतुकीची खबर लगेच देण्याची सवय यांची तजवीज उद्रेकाआधी करावी लागते. आणि खबर देणाऱ्या कामगाराला नोकरीची भीती असेल, तर खबर उशिराच येते.

आखणी आणि नेतृत्व : अशी साखळी बांधताना सुरुवात नकाशाने करावी, पण तो माणसांचा असावा : भाव बदलल्याचे सर्वांत आधी कोणाला कळते, सर्वांत शेवटी कोणाला; माल परत आला तर कोणाचे पैसे अडकतात; गाडी आली नाही तर कोण उपाशी राहतो. बहुतेक ठिकाणी पहिला सोडून बाकी सगळ्या प्रश्नांच्या उत्तरात एकच माणूस येतो आणि साखळी तिथेच तुटते. मग कोणत्या जागी जादा साठा, दुसरी वाट किंवा दुसरा पुरवठादार ठेवायचा हे ठरवता येते. सगळीकडे मोकळीक ठेवणे परवडत नाही. नाशवंत मालात साठ्यापेक्षा वाट आणि माणसे जादा ठेवणे उपयोगी पडते.

खानदेशातल्या साखळ्यांचे प्रत्यक्ष नेतृत्व पुष्कळदा मुकादमाकडे असते. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांतून येणाऱ्या मजुरांना तो ओळखतो, त्यांच्या बोलीत बोलतो, उचल देतो, आजारी कोण आणि गावी कोणाचे लग्न हे त्याला ठाऊक असते. बाहेरून आलेला व्यवस्थापक मुकादमाशीच बोलतो आणि टोळीशी कधी बोलत नाही. त्यामुळे मुकादम बदलला की टोळी जाते. मजुरांची थेट नोंद, मजुरी त्यांच्याच खात्यात आणि उचलीचा उघड हिशोब या गोष्टींनी मुकादमाचे महत्त्व कमी होत नाही, त्याच्यावरचा सगळा भार मात्र कमी होतो. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी अशी व्यवस्था केली; बांधावर गाडी भरणाऱ्या टोळ्यांपर्यंत ती क्वचितच पोचते.

शेतकऱ्यांच्या बाजूने सहकारी फळविक्री संस्था, आणि कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, हे संघटनेचे दोन मार्ग आहेत. दोन्हींचे यश मोठ्या इमारतीपेक्षा रोजच्या बारीक गोष्टींवर ठरते : भाव कोणत्या वेळी सांगितला जातो, नापास माल सभासदाला दाखवला जातो का, काटा कोण तपासतो. जोखमीच्या वाटणीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात केळीसाठी जादा तापमान, कमी तापमान आणि वेगाचा वारा हे निकष धरले जातात. मेमधला उन्हाचा तडाखा आणि पावसाळ्याच्या तोंडावरची वादळे यांनी उभ्या बागा झोपतात, तेव्हा शेतकऱ्याला त्याचा आधार होतो. त्याच बागेत कापणीला येणाऱ्या टोळीचा बुडालेला रोज या विम्यात धरलेला नाही.